ख्रिस्ती वाचकाने काय वाचावे? खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतल्या मंडळ्यांत शब्बाथशाळेचे (संडे स्कूलचे) शिक्षक, कॉलेजची मुलेमुली आणि काही पाळकही पुस्तकांविषयी जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो, म्हणून माझा कल तिकडचा आहे. पण कॅथलिक लेखकांनी मला पुष्कळ दिले आहे आणि त्यांची पुस्तके मी मुद्दाम सुचवतो.

मी आजवर एकही ख्रिस्ती पुस्तक वाचलेले नाही. कुठून सुरुवात करू?

मार्ककृत शुभवर्तमानापासून. सोळा अध्याय आहेत, एका बैठकीत दोन तासांच्या आत संपतात. रोज चार ओव्या (बायबलमधली वचने) वाचून पुस्तक मिटायची सवय असेल तर ती एवढ्यापुरती बाजूला ठेवा आणि एखाद्या रविवारी दुपारी सलग वाचा. त्यानंतर लूक आणि प्रेषितांची कृत्ये ही दोन्ही पाठोपाठ घ्या, कारण ती एकाच लेखकाची आहेत आणि दुसरे पुस्तक पहिले संपते तिथूनच पुढे जाते. मग रोमकरांस पत्र. एवढे झाल्याशिवाय विश्वासाच्या समर्थनाची किंवा ईश्वरविज्ञानाची (देवाविषयीच्या शिकवणुकीची) पुस्तके हाती घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याची बाजू मांडायची ते स्वतः न वाचताच वादाला बसणारे तरुण मी पाहतो तेव्हा वाईट वाटते.

कोणते मराठी बायबल घ्यावे?

मंडळीत वाचले जाते ते बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’ घरात हवेच. पाठांतर त्यातलेच असते, उपासनेत कानावर तेच पडते. त्याची भाषा काही ठिकाणी जड आहे, पण स्तोत्रसंहितेत तिची लय अजून दुसऱ्या कुणाला साधलेली नाही.

अभ्यासासाठी जोडीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ घ्या. दिब्रिटो वसईचे, २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांचे गद्य आजचे आहे आणि ते मोठ्याने वाचायला सोपे जाते.

तिसरे नाव पंडिता रमाबाईंचे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेऊन संपूर्ण बायबलचे भाषांतर एकटीने केले. खेड्यातल्या, थोडेफार वाचता येणाऱ्या बाईलाही कळावे हा त्यांचा हेतू होता. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा काम पुरे झालेले होते; ते छापून आले १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून. त्याची प्रत कुणा जुन्या घरात असेल तर जपून ठेवा. अवघड ओवी आली की तिघांचे भाषांतर शेजारी ठेवून पाहा, अर्ध्या शंका तिथेच सुटतात.

कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात आणि आपल्यात ६६, हा फरक जुन्या करारातला आहे. नव्या कराराची २७ पुस्तके दोघांची सारखीच.

“आमना घरमा बठ्ठा अहिराणीच बोलतस. आजीले मराठी बायबल समजत नही.”

अहिराणीत नवा करार आता मोबाइलवरच्या बायबल अ‍ॅपमध्ये मिळतो, नवापूरकडच्या मावची बोलीतही मिळतो. आजीला वाचून दाखवा. योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरची बाई अहिराणीत बोलायला लागली की ऐकणाऱ्या म्हाताऱ्या मध्येच उत्तरे देऊ लागतात, असा माझा अनुभव आहे. बहिणाबाईंची ओवी ज्या मुलखात जात्यावर आली, तिथे शुभवर्तमान फक्त छापील मराठीतच का ऐकायचे? शिक्षकांना माझी विनंती आहे की, धडा मराठीत वाचा, पण त्यावर बोलताना मुलांच्या घरची भाषा वापरा.

बायबल अभ्यासासाठी एकच पुस्तक सांगायचे तर?

इंग्रजी वाचता येत असेल तर गॉर्डन फी आणि डग्लस स्टुअर्ट यांचे ‘हाउ टू रीड द बायबल फॉर ऑल इट्स वर्थ’. काव्य, इतिहास, पत्र, दाखला, भविष्यवाणी हे प्रत्येक वेगळ्या रीतीने वाचावे लागते, हे त्या पुस्तकाने जेवढे नीट शिकवले तेवढे दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने शिकवल्याचे मला माहीत नाही.

याची गरज किती आहे ते एका उदाहरणावरून पाहा. यिर्मयाच्या २९व्या अध्यायातली अकरावी ओवी, देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत ही, आपल्याकडे कॅलेंडरवर असते, लग्नपत्रिकेवर असते, दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलाच्या पाकिटातही असते. पण ते पत्र बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे आणि दहावी ओवी सांगते की सुटका सत्तर वर्षांनी होईल. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती दिसणारच नव्हती. त्यांना सांगितले होते ते असे: तिथेच घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले त्या नगराचे हित पाहा. काम शोधायला सुरतेला गेलेल्या नंदुरबारच्या कुटुंबाला हा संपूर्ण अध्याय वाचून दाखवा. एकट्या अकराव्या ओवीपेक्षा तो त्यांना जास्त देईल.

टीकाग्रंथ, म्हणजे बायबलवरचे भाष्य, घ्यायचा तर २०१५ मध्ये निघालेली ‘साउथ एशिया बायबल कॉमेंटरी’ एका खंडात आहे आणि आपल्याच उपखंडातल्या अभ्यासकांनी लिहिलेली आहे. जात, हुंडा, पूर्वजांचे विधी, अल्पसंख्य म्हणून जगणे हे विषय तिच्यात ओवीच्या ओघात येतात. किंमत एका माणसाला जड जाईल, मंडळीने मिळून घ्यावी.

ख्रिस्ती विश्वासाच्या समर्थनावर सगळ्यात चांगले पुस्तक कोणते?

आधी तुमच्या गल्लीत कोणता प्रश्न विचारला जातो ते सांगा.

हे टाळाटाळीचे उत्तर नाही. इंटरनेटवर ‘सर्वोत्तम दहा’ अशा याद्या असतात, त्यातली बहुतेक पुस्तके अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या अशा माणसासाठी लिहिलेली आहेत ज्याला देव आहे हेच मान्य नाही. अमळनेर, शिरपूर किंवा शहाद्यात तुम्हाला असा माणूस क्वचित भेटेल. इथे देव सगळ्यांना मान्य आहे. इथले प्रश्न वेगळे: “सगळे धर्म एकच सांगतात, मग तुमचाच कशाला?” “हा गोऱ्यांचा धर्म ना?” “तुम्ही कुलदैवत सोडले, आईबापांना काय वाटले?” “दवाखान्यासाठी झालात का ख्रिस्ती?” या प्रश्नांना परदेशी पुस्तकांत उत्तर सापडत नाही, कारण ते प्रश्न त्या लेखकांना कुणी विचारलेच नाहीत.

मराठी माणसांनी मात्र ते झेलले आहेत. म्हणून माझी यादी त्यांच्यापासून सुरू होते.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ वाचा. बेळगावच्या सधन घरातला, पूजाअर्चेत वाढलेला मुलगा शंका कशा घेतो, घरच्यांच्या प्रेमामुळे कसा अडखळतो, हे त्यांनी सविस्तर लिहिले आहे. मग नीलकंठशास्त्री गोरे. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित आधी ख्रिस्ती धर्माच्या विरोधात संस्कृतमधून लिहीत होते. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञाच्या ‘मतपरीक्षा’ या ख्रिस्ती बाजूच्या ग्रंथाला त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून उत्तर दिले. उत्तर देता देता वाचत गेले आणि १८४८ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिले, ते सहा दर्शनांचे परीक्षण आहे. सोपे नाही, पण वेदान्त आणि ख्रिस्ती विश्वास यांत फरक नेमका कुठे आहे हे ज्याला खोलात जाऊन पाहायचे आहे त्याने ते मिळवावे.

आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. त्याला समर्थनाचे पुस्तक कुणी म्हणणार नाही, मी म्हणतो. नवऱ्याने, कवी ना. वा. टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा कोसळलेली बाई, सोवळेओवळे सांभाळत, भांडत, रडत, हळूहळू स्वतःच्या पायांनी ख्रिस्ताकडे येते. जातीचा प्रश्न तिच्या स्वयंपाकघरात सुटतो. “तुम्ही धर्म का बदलला?” असे ज्याला विचारतात त्याने हे पुस्तक दोनदा वाचावे. खानदेशच्या वाचकाला त्यात एक ओळखीचा माणूसही भेटतो: धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, नगरला टिळकांच्या घरी राहत असत.

यानंतर सी. एस. लुईस यांचे ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ जरूर घ्या. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीवर दिलेली ही भाषणे, पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आली. बरेवाईट ओळखण्याची जाण माणसात येते कुठून, हा त्यांचा पहिला भाग आपल्याकडेही तितकाच लागू पडतो. भारतात काम केलेले अमेरिकन मिशनरी स्टॅन्ली जोन्स यांचे १९२५चे ‘द ख्राइस्ट ऑफ द इंडियन रोड’ हेही जवळचे वाटेल. पाश्चात्त्य संस्कृती आणि ख्रिस्त यांची गाठ सोडवण्याचे काम त्यांनी भारतातल्या सुशिक्षितांसमोर उभे राहून केले.

“सगळे धर्म एकच” याला काय वाचून उत्तर द्यावे?

आधी विनोबा वाचा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, ती ‘गीता प्रवचने’. त्यांनी नव्या करारातल्या वचनांचे ‘ख्रिस्तधर्मसार’ही तयार केले आहे. सर्वधर्मसमभाव मानणारा एक थोर, प्रामाणिक माणूस ख्रिस्ताला कसा वाचतो ते त्यात दिसते. शेजाऱ्याचे म्हणणे त्याच्या उत्तम रूपात समजून न घेता उत्तर दिले तर ते त्याच्यापर्यंत पोचत नाही.

अमळनेरमध्ये १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, साने गुरुजीही तिथे शिकले. ज्या मातीत वादाची एवढी सभ्य परंपरा आहे तिथे आपण पत्रकातल्या चार ओळींवर भागवू नये. विरोधी बाजूही मूळातून वाचा: विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद करत होते, त्यांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ आहे.

माझे स्वतःचे उत्तर थोडक्यात असे: करुणा, सत्य, संयम यांवर धर्मांचे एकमत आहे, ते आनंदाने मान्य करावे. पण येशू वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे एका ठिकाणी, एका काळी घडल्याचे सांगणारे विधान आहे. ते घडले किंवा घडले नाही. प्रेषित पौल स्वतः करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात म्हणतो की घडले नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ. एवढे उघड्यावर ठेवलेले विधान तपासायचे असेल तर एन. टी. राइट यांचे ‘द रिझरेक्शन ऑफ द सन ऑफ गॉड’ हा २००३चा मोठा ग्रंथ आहे. जाड आहे, पण पाळकांनी तरी वाचावा.

“परदेशी धर्म” या आरोपावर?

येशू आशियातला, पौल आशियातला. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने मिऱ्यांच्या मलबारात ख्रिस्ती लोक असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि ‘कल्लिआना’ नावाच्या ठिकाणी बिशप असल्याचेही. काही अभ्यासक ते आपले कल्याण मानतात. इंग्लंड तेव्हा पुरते ख्रिस्ती झालेलेही नव्हते.

मराठीत पाहायचे तर १६१६ चे ‘ख्रिस्तपुराण’. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज जेझुइट. ते गोव्यात चाळीस वर्षे राहिले आणि त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांत जुना आणि नवा करार सांगितला. तुकोबा तेव्हा लहान होते. मराठीची थोरवी गाणारी ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही ओवी शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते, ती या ग्रंथातली आहे हे मात्र आपल्या मुलांना माहीत नसते. संडे स्कूलमध्ये नाताळच्या आधी ख्रिस्तजन्माच्या ओव्या म्हणवून घ्या. पुढे ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ सुरू केले, ते अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी पुरे केले. तेही कपाटात हवे.

पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी मिशनरी आले, हे खरे आहे आणि लपवण्यासारखे त्यात काही नाही.

येशू काश्मीरला आला होता का?

हा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपमुळे दर काही महिन्यांनी येतो. निकोलस नोतोविच या रशियनाने १८९४ मध्ये पुस्तक काढून दावा केला की लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतातल्या वास्तव्याची पोथी आपण पाहिली. १८९५ मध्ये आर्चिबाल्ड डग्लस हे प्राध्यापक त्या मठात गेले. तिथल्या मुख्य लामांनी अशी पोथी असल्याचे नाकारले. येशूची कबर श्रीनगरला आहे ही कथा वेगळी आहे, ती अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडली, तीही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. या विषयावर पुस्तक विकत घेऊ नका, एवढी माहिती पुरे.

मुस्लिम मित्र बर्णबाच्या शुभवर्तमानाविषयी विचारतो.

भुसावळ, धुळे, मालेगावकडे हा प्रश्न खूप येतो. येशू वधस्तंभावर मेला नाही असे सांगणारा, बर्णबाच्या नावावरचा हा ग्रंथ. त्याचे हस्तलिखित इटालियन भाषेत आहे आणि व्हिएन्नामध्ये आहे, काळ साधारण सोळावे शतक. त्यात दर शंभर वर्षांनी येणाऱ्या जुबिलीचा (मुक्तीच्या वर्षाचा) उल्लेख आहे. मोशेच्या नियमशास्त्रात जुबिली पन्नास वर्षांनी येते; शंभर वर्षांची जुबिली पोपने इ. स. १३०० मध्ये जाहीर केली. पहिल्या शतकातल्या बर्णबाला ती ठाऊक असणे शक्य नाही. हे मित्राला सांगताना विजयी सुरात सांगू नका. त्याच्याशी लूक वाचायला बसता आले तर ते शंभर पटींनी मोलाचे.

बायबल बदलले गेले आहे का? नायसियाच्या परिषदेत पुस्तके निवडली का?

एफ. एफ. ब्रूस यांचे छोटे पुस्तक, ‘द न्यू टेस्टामेंट डॉक्युमेंट्स: आर दे रिलायेबल?’, १९४३ पासून चालत आले आहे आणि अजून पहिले तेच द्यावेसे वाटते. त्याहून पुढे जायचे असेल तर रिचर्ड बॉकम यांचे २००६चे ‘जीझस अँड द आयविटनेसेस’.

मुद्दे असे. योहानाच्या अठराव्या अध्यायातल्या काही ओळींचा पपायरसचा तुकडा मँचेस्टरच्या ग्रंथालयात आहे. तो १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सामान्यतः दुसऱ्या शतकातला मानला जातो. १९४७ पासून मृत समुद्राजवळ सापडलेल्या गुंडाळ्यांत यशयाचे संपूर्ण पुस्तक आहे, तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षे जुने. फरक आहेत, बहुतेक लेखनाचे आणि शब्दांचे. संदेश तोच आहे. हस्तलिखितांत फरक नाहीतच असे मात्र मुलांना कधी शिकवू नका. मार्कचा शेवट आणि योहानातली व्यभिचारी स्त्रीची गोष्ट यांविषयी, हे भाग सगळ्यात जुन्या प्रतींत नाहीत अशी, तळटीप असते. ती त्यांनी आधी तुमच्याकडून ऐकावी, नंतर यूट्यूबवर ऐकून हादरू नये.

नायसियाला ३२५ मध्ये बिशपांची परिषद भरली, तिथे चर्चा झाली ती पुत्राच्या, म्हणजे येशूच्या, देवत्वाची. नव्या कराराची आज आहेत तीच २७ पुस्तके नेमकी मोजून सांगणारे पत्र अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने ३६७ मध्ये लिहिले.

ईश्वरविज्ञानाची जाड पुस्तके वाचायला हवीत का?

पाळकांनी आणि शिक्षकांनी, हो. वेन ग्रुडेम यांचे ‘सिस्टिमॅटिक थिऑलॉजी’ सगळीकडे दिसते; रचना सोपी, पण मते ठाम, म्हणून ते एकटे वाचू नये. अ‍ॅलिस्टर मॅग्राथ यांची ‘ख्रिश्चन थिऑलॉजी: अ‍ॅन इंट्रोडक्शन’ त्याच्याबरोबर ठेवा, त्यात कोणत्या शतकात कोण काय म्हणाले ते कळते. रॉबिन बॉइड यांचे १९६९चे ‘अ‍ॅन इंट्रोडक्शन टू इंडियन ख्रिश्चन थिऑलॉजी’ वाचल्याशिवाय भारतातल्या सेमिनरीतून (पाळकांना शिक्षण देणाऱ्या संस्थेतून) कुणी बाहेर पडू नये.

सर्वसाधारण वाचकाने मात्र अथनेशियसचे ‘देहधारणा’ वाचावे. इंग्रजीत ते ‘ऑन द इन्कार्नेशन’ या नावाने मिळते. चौथ्या शतकातले शंभरेक पानांचे पुस्तक, देव माणूस का झाला याचे उत्तर. त्याच्या इंग्रजी भाषांतराला लुईस यांनी प्रस्तावना लिहिली आहे आणि तीत सल्ला दिला आहे की एक नवे पुस्तक वाचले की पुढचे नवे घेण्याआधी एक जुने वाचावे. मग ऑगस्टीनची ‘कबुलीजबाब’, आणि जे. आय. पॅकर यांचे ‘नोइंग गॉड’. ऑगस्टीन वाचताना आई मोनिकाच्या अश्रूंपाशी आपल्या मंडळीतली प्रत्येक आई थांबते.

इंग्रजी कच्चे आहे. मग?

मग तुमच्या वाट्याला सगळ्यात चांगला भाग येतो: टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई, पदमनजी, स्टीफन्स, दिब्रिटो. त्याशिवाय १८४२ मध्ये नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक मिळाले तर सोडू नका. गटात एकाचे इंग्रजी चांगले असेल तर त्याने दर आठवड्याला एका प्रकरणाचा सारांश मराठीत सांगावा, हीही सेवाच आहे.

रवी जकरायस यांची पुस्तके वाचावीत का?

अनेक घरांत ती आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. ख्रिस्ती विश्वासाच्या समर्थनासाठी प्रसिद्ध असलेले हे वक्ते मे २०२० मध्ये वारले. त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे निष्पन्न झाले. युक्तिवाद तेवढा घ्यावा, माणूस सोडावा, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात उत्तर द्यायला सिद्ध असा म्हटले आहे, तिथेच लगेच सौम्यता आणि शुद्ध विवेक यांची अट आहे. ज्या बायकांना इजा झाली त्यांच्यासारख्या बायका आपल्या मंडळीतही बसलेल्या असतात. त्या पुस्तकांतले जवळपास सगळे मुद्दे इतरत्र मिळतात, तिथून घ्या.

मंडळीत छोटे ग्रंथालय कसे उभे करावे?

एक कुलूपबंद कपाट, एक नोंदवही आणि जबाबदारी घेणारी एक व्यक्ती, शक्यतो पाळक सोडून दुसरी. कापसाचे किंवा केळीचे पैसे हाती येतात त्या सुमारास आभाराच्या दानातला एक वाटा पुस्तकांसाठी काढून ठेवायचा ठराव करा. पहिल्या खरेदीत ‘सुबोध बायबल’, ‘स्मृतिचित्रे’, ‘ख्रिस्तायन’, ‘अरुणोदय’, ब्रूस, लुईस आणि ‘साउथ एशिया बायबल कॉमेंटरी’ घ्या. जी पुस्तके बाजारात नाहीत त्यांच्यासाठी पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या ग्रंथालयात चौकशी करा. ही सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. आपल्या भागातले कित्येक पाळक तिथे शिकलेले असतात, ते वाट दाखवतील. ‘स्मृतिचित्रे’च्या दोन प्रती घ्या, एक नेहमी बाहेरच असते. आणि पुस्तक ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यालाही द्या, नोंदवहीत त्याचेही नाव लिहून.